व्हिएन्ना फिरताना नेमकं कुठे चुकतं: व्हिसापासून ऑपेराच्या रांगेपर्यंत, क्रमाने

व्हिएन्नाला निघालेली मंडळी काही विचारायला येतात तेव्हा हातात यादी तयारच असते. शॉनब्रुनचा महाल, चित्रकार क्लिम्टचं ते सोनेरी चित्र, सिसी म्युझियम (सिसी म्हणजे सम्राज्ञी एलिझाबेथ), एखादं मोठं म्युझियम, ऑपेरा आणि साखर टॉर्ट हा तिथला चॉकलेट केक. यादीत काही खोट नसते, घोळ असतो तो क्रमात. विमान आणि हॉटेल आधी बुक होतं, मग व्हिडिओ बघून ठिकाणं ठरतात, आणि तिकिटांचं काय तर 'तिथे गेल्यावर बघू'. आणि मग मंगळवारी सकाळी राजमुकुट बघायला गेलं की दार बंद, शॉनब्रुनला गेलं की पुढची वेळ दुपारी साडेतीनची.

क्रम उलटा करायचाय: आधी बंद वार, मग वेळेची तिकिटं (ठरलेल्या वेळेलाच आत सोडणारी), मग नकाशा, आणि पक्कं हॉटेल त्यानंतर. तिकिटांचे दर मुद्दाम लिहीत नाहीये, ते दरवर्षी बदलतात, अधिकृत साइटवर दोन मिनिटांत सापडतात.

## १. व्हिसा: कुठल्या देशाकडे, कधी

ऑस्ट्रिया शेंगेनमध्ये आहे, पण अर्ज ऑस्ट्रियाकडेच करायचा असं नाही. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, आणि रात्री सारख्या असतील तर आधी पाऊल ठेवणार त्या देशाकडे. प्राग ३ रात्री, व्हिएन्ना ४ रात्री, बुडापेस्ट २ रात्री असा प्लॅन असेल तर ऑस्ट्रिया. अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिकडे अर्ज टाकायचा आणि राहायचं भलतीकडे, हा जुगाड करू नका, हॉटेलची बुकिंगं बघूनच ते पकडलं जातं.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. ही १५ दिवसांची अट वाचून लोक निवांत बसतात, आणि मे महिन्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंटच मिळत नाही. अडीच-तीन महिने आधी सुरुवात करा. फी मोठ्या माणसाला ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस केंद्राचा चार्ज वेगळा. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचा, आणि तारखा आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळलेलं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा आणि गेल्या १० वर्षांत काढलेला हवा.

हॉटेल या टप्प्यावर फुकट रद्द करता येईल असंच घ्या, म्हणजे पुढे बदलता येतं. पण व्हिसा आल्यावर सगळा प्लॅनच फिरवून टाकायचा असं नाही हं, शहरं आणि रात्री तशाच ठेवा.

तपासा: विमान फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा पॅरिसमार्गे असेल तर शेंगेनचं इमिग्रेशन तिथेच होतं, व्हिएन्नात नाही. आता सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायची नवी पद्धत आलीये, त्यामुळे रांगा हळू सरकतात. दीड तासाचा कनेक्शनचा वेळ स्वस्त तिकिटात छान दिसतो, प्रत्यक्षात धावाधाव होते.

## २. बंद वार: कॅलेंडर समोर घ्या

कागद घ्या, व्हिएन्नातले दिवस वारासकट लिहा. आता कुठला वार कशाला चालत नाही ते शेजारी टाका.

मंगळवार हा सगळ्यात दगाबाज वार. होफबुर्ग राजवाड्यामधलं शाट्झकामर, म्हणजे राजमुकुट आणि रत्नं ठेवलेला खजिना, मंगळवारी बंद. नॅचरल हिस्ट्री म्युझियम मंगळवारी बंद. एगॉन शीलेची चित्रं असलेलं लेओपोल्ड म्युझियमही उन्हाळा सोडला तर मंगळवारी बंद. सोमवारी कार्लसप्लाट्झचं वीन म्युझियम (शहराच्या इतिहासाचं) बंद, आणि कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, म्हणजे मोठं कलेचं म्युझियम, ज्याला सगळे केएचएम म्हणतात, तेही उन्हाळ्याबाहेर सोमवारी बंद ठेवायची पद्धत आहे. वरचं बेल्वेडेर (क्लिम्टचं चित्र असलेला महाल), आल्बर्टिना हे चित्रांचं म्युझियम आणि शॉनब्रुन रोज उघडी असतात, म्हणून सोमवार-मंगळवार त्यांच्यासाठी राखून ठेवायचे.

आता उलट बाजू, संध्याकाळी उशिरापर्यंत काय उघडं असतं. केएचएम गुरुवारी रात्री ९ पर्यंत, आल्बर्टिना बुधवारी आणि शुक्रवारी रात्री ९ पर्यंत. गुरुवारी संध्याकाळी पाचनंतर केएचएमला गेलात तर टूरच्या बसेस निघून गेलेल्या असतात आणि ब्रॉयगेल या जुन्या चित्रकाराच्या दालनात अक्षरशः बाकावर बसून चित्र बघता येतं. एक गुरुवार प्लॅनमध्ये यायलाच हवा असं माझं मत, त्यासाठी विमान एक दिवस पुढेमागे करावं लागलं तरी चालेल.

रविवारी दुकानं बंद. मॉल, सुपरमार्केट, कपड्यांची दुकानं, सगळंच. उघडी असतात ती मोठ्या रेल्वे स्टेशनमधली सुपरमार्केटं, आणि तिथे अख्खं शहर लोटलेलं असतं. शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत दूध, फळं, पाव घेऊन ठेवा. नाशमार्क्टचा भाजीबाजारही रविवारी बंद, शनिवारी मात्र त्याला लागून जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तो मजेदार असतो.

## ३. वेळेची तिकिटं: या तीन गोष्टी आधी

अख्ख्या व्हिएन्नाचं तिकीट आधी काढायची गरज नाही. पण शॉनब्रुन, वरचं बेल्वेडेर आणि बसून बघायचा असेल तर ऑपेरा, या तीन गोष्टी घरूनच काढायच्या.

शॉनब्रुन. साइटवर कमी दालनांचं आणि सगळ्या ४० दालनांचं अशी वेगवेगळी तिकिटं दिसतात. पहिल्यांदा जात असाल, बरोबर आईवडील किंवा लहान मुलं असतील, तर छोटं तिकीट भरपूर झालं, सोनेरी भिंती आणि झुंबरं बघून डोळे एका मर्यादेनंतर भरतातच. सकाळची पहिली किंवा दुसरी वेळ घ्या. बाग फुकट आहे, तिला तिकीट लागत नाही, आणि प्राणिसंग्रहालयाचं तिकीट पूर्ण वेगळं. सिसी म्युझियमही करायचं असेल तर दोन्हीकडे चालणारं एकत्र तिकीट मिळतं, ते बघून घ्या.

बेल्वेडेर. इथे होणारी चूक इतकी नेहमीची आहे की सविस्तर सांगतो. बेल्वेडेर म्हणजे एकाच बागेच्या दोन टोकांना दोन महाल, वरचा आणि खालचा. क्लिम्टचं 'चुंबन' (१९०७-०८) वरच्या महालात आहे. लोक मॅपवर नुसतं 'बेल्वेडेर' टाकतात, ७१ नंबरची ट्राम पकडतात, आणि ती सोडते खालच्या महालापाशी. खालचं तिकीट काढून आत गेलं की तिथे बदलती प्रदर्शनं, क्लिम्टचा पत्ता नाही. मग चढाची बाग तुडवत वर, दुसरं तिकीट, तोवर ठरलेली वेळ गेलेली. तेव्हा तिकीट 'ओबेरेस बेल्वेडेर'चं, म्हणजे वरच्याचं, काढा आणि डी ट्रामने 'श्लोस बेल्वेडेर' स्टॉपवर उतरा, वरच्या महालाच्या दाराशीच. हाउप्टबानहोफपासून, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनपासून, चालतही जाता येतं.

इशारा: गूगलवर सर्च केलं की वरती एजंटांच्या साइट येतात, तेच तिकीट जास्त पैशांत, 'रांग चुकवा' असं लिहून. वेळेचं तिकीट असलं की रांग तशीही तिकीट खिडकीची चुकते, सिक्युरिटीची कोणाचीच चुकत नाही.

मुलं बरोबर असतील तर: १९ वर्षांखालच्यांना सरकारी म्युझियममध्ये प्रवेश फुकट आहे, आणि हे फक्त ऑस्ट्रियन मुलांसाठी नाही. केएचएम, नॅचरल हिस्ट्री, बेल्वेडेर, आल्बर्टिना, टेक्निकल म्युझियम, नॅशनल लायब्ररीचं भव्य दालन, सगळीकडे. फक्त त्यांचंही शून्य युरोचं तिकीट घ्यावं लागतं, ते वेळेच्या बुकिंगमध्ये टाकायला विसरू नका, आणि वयासाठी पासपोर्टचा फोटो फोनमध्ये असू द्या. शॉनब्रुनला आणि लेओपोल्डला हा नियम नाही.

## ४. पास घ्यायचा का

इथे दोन नावं आहेत आणि लोक ती सर्रास एकमेकांत मिसळतात. व्हिएन्ना सिटी कार्ड म्हणजे ट्राम-मेट्रोचा प्रवास आणि म्युझियममध्ये थोडी सवलत, प्रवेश फुकट नाही. व्हिएन्ना पास म्हणजे बऱ्याच ठिकाणी प्रवेश, पण ट्राम-मेट्रो त्यात धरलेली नसते. सिटी कार्ड घेऊन शॉनब्रुनच्या गेटवर 'आमचं ऑलरेडी पेड आहे' म्हणून वाद घालणारी माणसं तिथे दिसतातच, आणि भाषा बहुतेक आपल्या बाजूचीच असते.

हिशोब सोपा आहे. दिवसाला चार-पाच पैसेवाली ठिकाणं करणार असाल तरच प्रवेशाचा पास वसूल होतो, आणि चार-पाच ठिकाणं करणारा माणूस खरं तर काहीच बघत नाही. दिवसाला दोन ठिकाणं, तीही अंतर ठेवून, एवढंच झेपतं. तेव्हा बहुतेकांना साधं ट्रान्सपोर्ट तिकीट आणि सुटी म्युझियम तिकिटं हेच स्वस्त पडतं, मुलं १९ खालची असतील तर नक्कीच.

## ५. हॉटेल: पिनकोड वाचायला शिका

व्हिएन्नाचे २३ जिल्हे आहेत आणि पिनकोडमधले मधले दोन आकडे म्हणजे जिल्ह्याचा नंबर. १०१० म्हणजे पहिला, १०७० म्हणजे सातवा, १२२० म्हणजे बाविसावा. हॉटेलवाले 'सिटी सेंटरजवळ' काहीही लिहितात, पिनकोड खोटं बोलत नाही. पहिला जिल्हा महाग, चौथा, सहावा, सातवा उत्तम, आणि हाउप्टबानहोफच्या आसपासचा दहावा सामान घेऊन ट्रेनने पुढे प्राग किंवा बुडापेस्टला जाणाऱ्यांना सोयीचा. तेवीसपैकी कुठलाही चालेल, जर मेट्रो स्टेशन पाच मिनिटांवर असेल तर.

जुलै-ऑगस्टमध्ये जात असाल तर एसी आहे का ते बघाच. जुन्या इमारतीतल्या पुष्कळ हॉटेलांत नसतो, आणि 'युरोपात कशाला लागतोय एसी' हे वाक्य ३५ डिग्रीत आठवतं.

## ६. विमानतळ ते शहर, आणि तिकिटावर शिक्का

विमानतळावर उतरल्यावर हिरव्या रंगाची जाहिरात सगळीकडे दिसते, ती सीएटी ट्रेनची. १६ मिनिटांत शहरातल्या वीन मिटे स्टेशनला पोचवते, पण तिला वेगळं महाग तिकीट. त्याच स्टेशनवरून साधी एस ७ लोकलही वीन मिटेलाच जाते, दहाएक मिनिटं जास्त घेते आणि पैसे खूपच कमी. हाउप्टबानहोफला जायचं असेल तर रेलजेट ही जलद ट्रेन, साधारण पाव तासात.

विमानतळ व्हिएन्नाच्या शहर झोनच्या बाहेर येतो. शहराचं तिकीट आधीच काढलेलं असलं तरी विमानतळापासून झोनच्या हद्दीपर्यंतचं जोडतिकीट घ्यावं लागतं. ओबीबी या ऑस्ट्रियन रेल्वेच्या अॅपमध्ये विमानतळ ते तुमचं स्टेशन असं टाकलं की बरोबर तेच तिकीट येतं, डोकं लावायची गरज नाही.

आता शिक्का. व्हिएन्नाच्या मेट्रोत गेट नाहीत, फिरतं दार नाही, कार्ड टॅप करायचं काही नाही. तुम्ही सरळ चालत प्लॅटफॉर्मवर जाता, आणि जाताना जिन्याच्या किंवा सरकत्या जिन्याच्या तोंडाशी कमरेएवढ्या उंचीवर एक छोटा निळा डबा असतो, त्याला एक फट. कागदी तिकीट त्या फटीत घालायचं, खट् आवाज येतो आणि तारीख-वेळ उमटते. ट्राममध्ये हा डबा आतच असतो. हे केलं नाही तर तिकीट खिशात असूनही तुम्ही विनातिकीट, आणि साध्या कपड्यातला चेकर शंभर युरोच्या वर दंड लावतो. टुरिस्ट आहे, माहीत नव्हतं, हे त्याने त्या दिवशी दहा वेळा ऐकलेलं असतं.

जास्त तासांच्या तिकिटावर शिक्का एकदाच, पहिल्या प्रवासाला. रोज मारत बसू नका. अॅपवरून काढलेल्या तिकिटाला शिक्का लागत नाही, पण त्यात सुरू होण्याची वेळ नीट निवडा.

तपासा: ट्रामने रिंग रस्त्याला चक्कर मारायची असेल तर एकच ट्राम पूर्ण गोल फिरत नाही. श्वेडनप्लाट्झहून १ नंबरने ऑपेरापर्यंत यायचं, तिथे उतरून २ नंबरने परत श्वेडनप्लाट्झला. दोन्हीत बसूनच राहिलात तर भलत्याच उपनगरात उतराल.

## ७. दिवस कसा लावायचा

शॉनब्रुनचा अर्धा दिवस. यू ४ मेट्रोचं शॉनब्रुन स्टेशन, तिथून चालत. वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचा कारण मोठी बॅग आत नेता येत नाही, ती ठेवायला रांग. आधी महाल, मग बाग, मग टेकडीवरची ग्लोरिएट नावाची कमानींची इमारत. फोटोचा सगळा उत्साह ग्लोरिएटच्या चढावर वापरा, तिथून महाल आणि मागे पसरलेलं शहर एकत्र दिसतं. लोक उलटं करतात, आधी टेकडी चढतात, दमतात आणि महालाची वेळ चुकवतात. प्राणिसंग्रहालय १७५२ पासून चालू आहे, मुलं असतील तर त्याला दुपार द्या आणि परतीला हिएट्झिंग स्टेशन धरा, ते जवळ पडतं.

होफबुर्ग. 'होफबुर्गचं तिकीट' अशी वस्तूच अस्तित्वात नाही. हा एक भलामोठा राजवाड्यांचा समूह आहे आणि प्रत्येक भागाचं दार वेगळं, तिकीट वेगळं. सिसी म्युझियम आणि राजाची निवासस्थानं मिखाएलरप्लाट्झच्या घुमटाखालून. शाट्झकामर आतल्या चौकातल्या लाल कमानीतून. नॅशनल लायब्ररीचं दालन योसेफ्सप्लाट्झवरून. शस्त्रं आणि जुनी वाद्यं नॉय बुर्गमध्ये, हेल्डनप्लाट्झच्या बाजूने. यातलं एक किंवा दोन निवडा. माझं विचाराल तर सिसी सोडा आणि लायब्ररीचं दालन आणि शाट्झकामर करा, गर्दी निम्मी आणि बघण्यासारखं दुप्पट.

स्पॅनिश रायडिंग स्कूलचे पांढरे घोडे बघायचे असतील तर 'सकाळचा सराव' आणि 'शो' ही दोन वेगळी तिकिटं आहेत. सराव स्वस्त, पण त्यात घोडे उड्या मारतीलच असं नाही, बहुतेक वेळ ते संगीतावर शांतपणे फिरतात. त्यावरून नंतर चिडचिड करण्यापेक्षा काय काढतोय ते आधी वाचा.

केएचएम. आत शिरताच इजिप्तच्या ममी आणि कुन्स्टकामर, म्हणजे राजघराण्याच्या दुर्मीळ वस्तूंचा संग्रह, दिसतं आणि लोक तिथेच दीड तास घालवतात, मग वरच्या चित्रांपाशी येईपर्यंत पायात गोळे. सरळ वर जा. जिन्यावर मात्र थांबा, खांबांच्या वरच्या कोपऱ्यांतली चित्रं तरुण क्लिम्टची आहेत, त्याच्या सोनेरी काळाच्या बऱ्याच आधीची, आणि लोक त्यांच्या खालून कॅफे शोधत निघून जातात.

पहिल्या मजल्यावर ब्रॉयगेलचं दालन. या चित्रकाराची इतकी चित्रं जगात दुसरीकडे कुठेच एकत्र नाहीत. 'बाबेलचा मनोरा' (१५६३) लांबून बघून पुढे जाऊ नका. जवळ जा, डावीकडे खाली राजा आलाय आणि दगड फोडणारे त्याच्यापुढे गुडघ्यावर बसलेत, मनोऱ्याच्या अंगावर लाकडी क्रेन आहेत, उजवीकडे बंदरात जहाजं, आणि वरच्या मजल्यापाशी एक ढग आडवा आलाय. एका चित्राला दहा मिनिटं द्या. शेजारीच 'बर्फातले शिकारी' (१५६५), कुत्रे खाली मान घालून चाललेत, शिकार जेमतेम एक कोल्हा, आणि खाली गोठलेल्या तळ्यावर माणसं मुंग्यांएवढी. तासाभराने त्याच मजल्यावर घुमटाखालच्या कॅफेत बसा, मग जमलं तर खाली कुन्स्टकामर.

लहान गोष्टी, पटकन. श्टेफान्सडोम या मोठ्या चर्चमध्ये मागच्या भागापर्यंत फुकट जाता येतं, पुढे तिकीट. दक्षिण मनोरा ३४३ पायऱ्या, गोल आणि अरुंद, गुडघे दुखत असतील तर उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे. हुंडर्टवासरहाउस या रंगीबेरंगी इमारतीमध्ये लोक राहतात, आत जाता येत नाही, बाहेरून दहा मिनिटं पुरेत. बेटोफेन, शुबर्ट, ब्राम्स यांच्या कबरी बघायच्या तर ७१ ट्राम आणि 'झेंट्राल्फ्रीडहोफ २. टोर' याच स्टॉपवर उतरायचं, आधीच्या गेटला उतरलात तर लांबलचक भिंतीकडेने चालत बसाल. कार्लसप्लाट्झचं वीन म्युझियम, कायमचं प्रदर्शन फुकट, पावसाच्या दिवसाला ठेवून द्या.

## ८. ऑपेरा: उभ्याचं तिकीट, पायरी पायरीने

श्टाट्सओपर, म्हणजे व्हिएन्नाच्या मुख्य ऑपेरामध्ये बसायची चांगली जागा खूप महाग पडते, पण रोज चारशेच्या वर उभ्याच्या जागा असतात, एका साध्या जेवणाच्या पैशांत. त्याला श्टेप्लाट्झ म्हणतात. सीझन सप्टेंबर ते जून, जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो.

१) महिनाभर आधी कार्यक्रम बघा आणि छोटं काहीतरी निवडा. 'टोस्का', 'ला बोएम' किंवा बॅले. वॅग्नर टाळा, चार-पाच तास उभं राहायची सवय पंढरीच्या बारीत उभं राहणाऱ्यालाच असेल.

२) त्याच दिवशी सकाळी १० वाजता ऑपेराच्या अधिकृत साइटवर उभ्याची तिकिटं सुटतात. लॉगिन आधीच करून ठेवा, कार्डचा ओटीपी भारतातल्या सिमवर येणार असेल तर रोमिंग चालू आहे ना ते आदल्या रात्रीच बघा. सगळं इथेच अडकतं.

३) ऑनलाइन नाही मिळालं तर कार्यक्रमाच्या ८० मिनिटं आधी ओपर्नगासेच्या बाजूची खिडकी उघडते. माणशी एकच तिकीट, त्यामुळे सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, 'चौघांची मी घेतो' चालत नाही. लोकप्रिय कार्यक्रम असेल तर खिडकी उघडायच्या तासभर तरी आधी जा, पाणी आणि खायला घेऊन.

४) पार्टेअर, म्हणजे खालची जागा, सगळ्यात छान, स्टेजच्या बरोबर समोर. ती नसेल तर वरची बाल्कनी किंवा गॅलरी, तिथे आवाज छान येतो पण कडेला उभे राहिलात तर अर्धं स्टेज कापलं जातं, म्हणून मधली जागा धरा.

५) तिकीट मिळालं की आधी आत जा. समोरच्या दांडीला स्कार्फ किंवा रुमाल बांधायचा, ती जागा तुमची. हा तिथला जुना रिवाज आहे आणि सगळे पाळतात. बॅग किंवा फोन ठेवून जागा अडवू नका.

६) मग कोट आणि मोठी बॅग गार्डरोबमध्ये, म्हणजे कोट-सामान ठेवायच्या काउंटरवर, द्या, ते सक्तीचं आहे. आता फिरा, जिना बघा.

७) दांडीवर छोटा स्क्रीन असतो, त्यात इंग्रजी भाषा निवडा, गाण्याचा अर्थ ओळीओळीने येत राहतो. कथा मात्र घरूनच वाचून या.

सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत, थेट ब्रेकपर्यंत बाहेर टीव्हीवर बघायचं. कपडे साधे चालतात, पण हाफ पँट आणि चपला नकोत. ब्रेकनंतर पाय बोलायला लागले तर निघून गेलं तरी कोणी काही म्हणत नाही, पुष्कळजण जातात.

इशारा: ऑपेराबाहेर आणि श्टेफान्सप्लाट्झवर मोत्सार्टचा पांढरा विग आणि लाल कोट घातलेली मुलं तिकिटं विकतात. ती ऑपेराची नसतात, टुरिस्टांसाठी दुसऱ्या हॉलमध्ये होणाऱ्या कॉन्सर्टची असतात. कॉन्सर्ट वाईटच असतो असं नाही, पण दारात उभं राहून 'ओपेरा, ओपेरा' ऐकलं म्हणून शंभर युरो काढून देऊ नका.

उन्हाळ्यात गेलात तर राटहाउसप्लाट्झवर, म्हणजे नगरपालिकेसमोरच्या चौकात, संध्याकाळी मोठ्या पडद्यावर ऑपेरा आणि कॉन्सर्टचे चित्रपट फुकट दाखवतात, बाजूला खाण्याचे स्टॉल. एप्रिल-मे-जून आणि सप्टेंबरमध्ये खुद्द ऑपेराच्या बाहेरच्या भिंतीवर आतला कार्यक्रम लाइव्ह दिसतो, खुर्च्या मांडलेल्या असतात, पैसे नाहीत.

## ९. खाणं, खास करून शाकाहारी मंडळींसाठी

घरून निघतानाच एक नियम: युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, पनीर बॅगेतून काढा. चिवडा, कोरडी चटणी, मेतकूट, पोहे चालतात.

तिथे फसवणारे पदार्थ ठरलेले आहेत. रस्त्यावरच्या टपरीवर 'केसेक्राइनर' दिसतं, नावात चीज आहे म्हणून आपली माणसं घेतात, ते चीज भरलेलं मांसाचं सॉसेज असतं. 'फ्रिटाटेनझुपे', म्हणजे धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं सूप, दिसतं साधं पण ते गाईच्या मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. तळलेलं चीज आणि तळलेले मशरूम यांच्या आवरणात अंडं. साखर टॉर्टमध्ये अंडं, कायझरश्मारन या गोड धिरड्यातही अंडं. अंडंही चालत नसेल तर 'व्हेगन' हाच शब्द वापरा, व्हेजिटेरियन म्हणून भागणार नाही.

कॅफेत गेलं की स्वतः जागा बघून बसा, एक मेलांज (दुधाची कॉफी) मागवा, सोबत पाण्याचा छोटा ग्लास येतो. वेटर बिल आणून देत नाही, मागितल्याशिवाय, तो विसरलेला नसतो, तुम्हाला उठवत नाही इतकंच. पैसे देताना टिप धरून एकूण आकडा तोंडी सांगायचा, ८ युरो ६० सेंट झाले तर 'साडेनऊ'. कार्ड मशीन रुपयात की युरोत विचारेल, युरोच दाबा. टपरी आणि जुन्या कॅफेसाठी थोडी रोख ठेवा, आणि ती बँकेच्या एटीएममधूनच काढा.

पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी आल्प्सच्या झऱ्यांतून येतं आणि चवीला बाटलीपेक्षा बरं असतं.

## १०. परतताना टॅक्स रिफंड

एका दुकानात ७५.०१ युरोपासून पुढे खरेदी झाली असेल तर तिथेच टॅक्स-फ्रीचा फॉर्म मागा, पासपोर्ट लागतो. विमानतळावर क्रम महत्त्वाचा: वस्तू चेक-इन बॅगेत जाणार असतील तर बॅग पट्ट्यावर जायच्या आधी कस्टम्सचा शिक्का घ्यायचा. काउंटरवर सांगा की टॅक्स रिफंड आहे, ते टॅग लावून बॅग परत देतात, ती घेऊन कस्टम्सकडे जायचं आणि बॅग तिथेच द्यायची. वस्तू केबिन बॅगेत असतील आणि विमान फ्रँकफर्टमार्गे असेल तर शिक्का व्हिएन्नात नाही, फ्रँकफर्टला. त्यासाठी विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा, आणि वस्तू बॅगेच्या तळाशी भरू नका, अधिकाऱ्याने दाखवा म्हटलं तर अख्खी बॅग तिथेच उपसावी लागते.